राखेचं सिमेंट कमी पाण्यात सैल होतं, मग राइस मिलची राख टाकली की माल घट्ट का होतो?

दोन्हींचं नाव राख, जात वेगळी. कोराडी, चंद्रपूरच्या वीजकेंद्रातली फ्लाय ॲश दगडी कोळशाची. भट्टीत तिचे कण वितळतात आणि हवेतच थिजतात, म्हणून गुळगुळीत, गोल. सिमेंटच्या खडबडीत कणांमधून ते छऱ्यांसारखे घरंगळतात. पीपीसीच्या, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटच्या बॅगेत ही राख 15 ते 35 टक्के असते.

भंडारा-गोंदियाकडची तुसाची राख मात्र भोकाभोकांची. कालवायचं पाणी तीच पिऊन टाकते. अर्धवट जळालेली काळी राख तर विचारूच नका.

आता खरी गंमत. मिस्त्री चहाला गेला की घमेल्यातला माल बसतो, थापी त्यात उभी राहते. मजूर लगेच मग्गाभर पाणी ओततो (आमच्या घराच्या स्लॅबला हेच झालं, अजून गळतो). आधी नुसता घोळून पाहा. स्थिर राहिलं की सिमेंटचे कण एकमेकांना धरून जाळं विणतात. ढवळलं की ते मोडतं, माल पुन्हा वाहतो. मे महिन्याच्या उन्हात ही युक्ती फार वेळ चालत नाही. तेव्हा माल थोडाथोडाच कालवा, 50 किलोच्या बॅगेला पाणी 25 लिटरच्या आत ठेवा. रेती ओली असेल तर आणखी कमी.