डिलीट केलं तरी फाइल तेवढीच!

प्रश्न : वणीजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी हिशेब पाहतो. 2013 पासूनचे सगळे मेल आउटलुकच्या एकाच पीएसटी फाइलीत आहेत. ती आता 38 जीबी झाली. आउटलुक उघडेस्तोवर माझा चहा पिऊन होतो. मागच्या आठवड्यात सहा जीबीचे मेल उडवले, तरी फाइल होती तेवढीच. मालक म्हणतात, नवा कॉम्प्युटर घेऊ. घ्यावा काय?

उत्तर : मालकाला जरा थांबवा भाऊ. गाठी ट्रकवर चढल्या म्हणून गोडाऊन लहान होते काय? मेल उडवले की फाइलीत जागा मोकळी होते, भिंती जागच्या जागीच राहतात. त्या आत सरकवायच्या तर 'डिलीटेड आयटम्स' रिकामं करा, मग अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाइल्स, तुमची फाइल, सेटिंग्ज आणि 'कॉम्पॅक्ट नाउ'. पण त्याआधी आउटलुक बंद करून फाइलीची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्याच.

खरं दुखणं मात्र एकाच फाइलीत सगळं कोंबण्याचं आहे. आउटलुक 2010 पासून मर्यादा 50 जीबी आहे, पण तिथवर जायची वाट कशाला पाहता? जुने मेल वेगळ्या पीएसटीत हलवा. हिशेबाचा माणूस म्हणून तुमचा हात एप्रिल-मार्चकडे जाईल. माझं ऐका, कापसाच्या हंगामाप्रमाणे, ऑक्टोबर ते सप्टेंबर तोडा. नाहीतर फेब्रुवारीतल्या सौद्याचा रिपोर्ट एका फाइलीत अन् मे महिन्यातली पैशाची भानगड दुसरीत. हलवून झालं की मूळ फाइल पुन्हा कॉम्पॅक्ट करा. जुन्या फाइली आउटलुकमध्ये उघड्या ठेवू नका. राइट क्लिक करून 'क्लोज' म्हटलं की त्या फक्त यादीतून जातात, डिस्कवर राहतात.

पीएसटी फाइली पेनड्राइव्हवरून किंवा ऑफिसच्या शेअर फोल्डरमधून थेट चालवू नका. मी हा शहाणपणा एकदा केला होता. ऐन हंगामात लाइन गेली अन् फाइल बिघडली. 'स्कॅनपीएसटी' हे फाइल दुरुस्त करायचं टूल रात्रभर चालवलं. मेल बरेचसे परत आले, पण फोल्डरांची घडी विस्कटली. तेव्हापासून यूपीएसशिवाय मी कॉम्पॅक्टला हात लावत नाही. तुम्हीही संध्याकाळी वजनकाटा बंद झाल्यावरच लावा, तासन् तास चालू शकतं.

एवढं करूनही रखडलं अन् आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर फक्त तिच्या जागी एसएसडी, म्हणजे जास्त वेगाची डिस्क, बसवून घ्या. मालकाला तो खर्च जड जाणार नाही.