आठवड्याला एकच विषय पुरे

ताई, साडेतीन वर्षांच्या लेकराला घरी कसं शिकवायचं असं विचारलंत, तर एवढ्या लहान लेकरासाठी तासांचं वेळापत्रक नको. रविवारी एकच विषय ठरवा. सांगलीत राहता, तर हळदच घ्या. हिवाळ्यात ओली हळद बाजारात येतेच. ओलं आणि वाळलेलं हळकुंड दोन्ही हातात द्या. ओलं कट्कन मोडतं, बोटं पिवळी होतात. वाळलेलं लेकराच्या हातानं सहज मोडत नाही. दुसऱ्या दिवशी हळद लावलेल्या फडक्यावर कपड्याच्या साबणाचं पाणी टाका, पिवळ्याचं लाल होतं. पारंपरिक कुंकूही हळदीला चुना लावून करतात, पण चुना मुलांच्या हाती अजिबात देऊ नका, डोळ्यांना घातक. मग हळकुंडं मोजा, लहान-मोठी लावा. एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ. पेन्सिलीची घाई नको. कणीक मळून, शेंगा सोलून बोटांत ताकद येते. आठवड्यातला एक दिवस, समजा गुरुवार, मात्र मोकळाच ठेवा.