तारली ओळखायची तर आधी बाजारात जा

पुस्तक नंतर उघड. सकाळी लवकर मडगावच्या मासळी बाजारात जा आणि ताजं तारलं हातात घे. लांबट डोकं, कल्ल्याच्या झाकणामागे फिकट सोनेरी ठिपका, झाकणाच्या कडेला काळा डाग, हे दिसलं की ती तेलतारली, शास्त्रीय नाव सार्डिनेला लाँगिसेप्स. पेडवे तिच्यासारखेच दिसतात. मीही फसलो होतो, तेसुद्धा मासळीवालीसमोर. ती अजून हसते.

मग ते झाकण उचल. आत कंगव्यासारखे दाट, बारीक काटे दिसतील. तोंड उघडं ठेवून थवा पोहतो तेव्हा या चाळणीत प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, अडकतात, त्यातही डायटम ही एकपेशीय शेवाळं जास्त. पोट चिरलंस तर बऱ्याचदा हिरवट चिखलच सापडेल. पावसाळ्यात वाऱ्यांमुळे तळाचं थंड, कसदार पाणी वर येतं, प्लवक माजतात आणि त्याच दिवसांत तारल्या अंडी घालतात. म्हणून 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीवर कुरकुरू नकोस.

लांबी साधारण 20 सेंमी, आयुष्य जेमतेम अडीच वर्षं. एक पावसाळा बिघडला की पुढच्या हंगामात रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, त्याची खूण दिसते. वहीत लांबी आणि महिना लिहीत जा. तराजू मागाहून घेतलास तरी चालेल.