पार्किन्सन्सवर संशोधन करायचं तर विदर्भ सोडावाच लागतो का?

प्रश्न असा आहे: "मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली, एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. न्यूरॉलॉजिस्ट होऊन पार्किन्सन्स आणि तशा आजारांवर संशोधन करायचं आहे. आमचे सर म्हणतात, त्यासाठी परदेशात नाहीतर निदान बंगलोरला राहावं लागेल, इकडे तसे पेशंटच नाहीत. खरं आहे का?"

"इकडे पेशंटच नाहीत." डीएम (न्यूरॉलॉजीची, म्हणजे मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारांची वरची पदवी) करत असताना एका वरिष्ठांनी माझा संशोधनाचा विषय नेमक्या याच वाक्याने बाजूला सारला होता, म्हणून उत्तर लिहायला बसले. वयाने लहान आहेस, अगं-तुगं करते, राग मानू नकोस. एमडी मेडिसिन, मग डीएम, मग मूव्हमेंट डिसऑर्डरची (हालचालींच्या आजारांची) फेलोशिप हा रस्ता तुला माहीत असणारच, तो सोडून देते.

माझे बाबा वर्धा जिल्ह्यातले कोरडवाहू शेतकरी. पऱ्हाटी आणि तूर. मी बारावीला होते तेव्हा त्यांचा उजवा खांदा आखडला. तालुक्याच्या डॉक्टरांनी खांद्यात इंजेक्शन दिलं, मग शेक, मग मालिश, मग एक्स-रे काढून "मणक्यात गॅप आहे" म्हणून पट्टा. दोन-तीन वर्षं त्यातच गेली. त्या काळात आई येता-जाता सांगायची, हे धुऱ्यावरून चालतात तर एकच हात हलतो. रात्री झोपेत ओरडतात, लाथा मारतात. भाजी करपली तरी वास येत नाही. यातलं एकही लक्षण कोणत्याही डॉक्टरने विचारलं नाही. हात थरथरत नव्हता ना, मग पार्किन्सन्सचं नाव कोण काढणार?

शेवटी आजार पकडला गेला तो बँकेमुळे. पीककर्जाचे पैसे काढायला गेले तर कॅशिअरने सही जुळत नाही म्हणून स्लिप परत केली. दुसरी लिहिली, तिसरी लिहिली. दर वेळी सही आणखी बारीक, आडनावापर्यंत येता येता अक्षर मुंगीएवढं. भर रांगेत त्यांना सांगितलं गेलं की ही सही तुमची नाही. बाबा घरी येऊन खाटेवर बसले आणि म्हणाले, "मले चोर समजते का तो? माही सही मलेच जमून नाही राह्यली." खरीपाच्या तोंडावर पैसे अडकले. मामाने उसने दिले म्हणून बियाणं आलं.

त्या स्लिपा घेऊन आम्ही नागपूरला न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी बाबांना दारापासून खुर्चीपर्यंत चालत येताना पाहिलं, अंगठा-बोट आपटायला लावलं, मनगट फिरवून पाहिलं, एक ओळ लिहून घेतली. निदान तिथेच झालं. रक्तात हा आजार दिसत नाही, एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मल येतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं मुख्य औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बाबांनी त्याच बँकेत जाऊन सही केली. न्यूरॉलॉजी घ्यायचं माझं तेव्हाच ठरलं.

आता ते वरिष्ठ. मी म्हटलं होतं, मला खेड्यात घरोघरी जाऊन पार्किन्सन्सचे रुग्ण शोधायचे आहेत. ते म्हणाले, ओपीडीचं रजिस्टर काढ, खेड्यातले किती सापडतात बघ. अहो, माझे बाबा ती दोन-तीन वर्षं कोणत्या रजिस्टरमध्ये होते? हाडांच्या! रजिस्टरमध्ये येतो तो दवाखान्यापर्यंत पोचलेला माणूस. जो "आता म्हातारपण आलं" म्हणून ओसरीवर बसवून ठेवला आहे, त्याची नोंद कुठे होणार? मुंबईच्या पारशी वसाहतींमध्ये घरोघरी जाऊन पाहणी झाली, ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. १४,०१० माणसांत ४६ रुग्ण निघाले, म्हणजे लाखात ३२८. दारात गेले म्हणून सापडले. आणि खुद्द जेम्स पार्किन्सनचा १८१७ चा निबंध सहा माणसांवर उभा आहे. त्यातले काही त्याला रस्त्यात भेटले होते, एकाला तर त्याने नुसतं लांबून पाहिलं होतं. दोनशे वर्षं टिकलेलं वर्णन माणसं चालताना बघून लिहिलं गेलं, आणि मला रजिस्टर दाखवतात.

पुढे मी ते काम केलंच. नोकरी सांभाळून, आशाताईंना सोबत घेऊन. छापील प्रश्नावलीत पहिलाच अडथळा आला: "अक्षर बारीक झालं का?" अंगठा लावणाऱ्या बाईला हे काय विचारणार? मग आम्ही विचारू लागलो, भाकर थापताना एक हात मागे पडतो का, कापूस वेचताना ओळीत बाकीच्या पुढे निघून जातात का, लुगड्याचा काष्टा घालायला वेळ लागतो का. बाया लगेच सांगतात. असे प्रश्न सुचायला ते घर आतून माहीत असावं लागतं, आणि ते तुला माहीत आहे. एवढी मोठी गोष्ट तुझ्याकडे आधीच आहे.

काय काय सापडलं सांगते. चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिनची गोळी महिनोन्‌महिने घेत राहिलेल्या, अंग लाकडासारखं झालेल्या म्हाताऱ्या. ही औषधं, तशीच उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड, डोपामिनचं काम अडवतात. हालचालींसाठी मेंदूला लागणारं हे रसायन पार्किन्सन्समध्ये कमी पडतं. गोळी बंद केली की बहुतेकजणी काही महिन्यांत मोकळ्या होतात. पहिल्या वर्षातच मागे कोसळणारे आणि ताटाकडे खाली बघता न येणारे एक काका सापडले. त्यांना "लकवा" म्हणून ठेवलं होतं. तो पीएसपी होता, पार्किन्सन्ससारखा दिसणारा पण वेगळा आजार. स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की यांनी १९६४ मध्ये वर्णन केलेला आजार. "गोळी कधी लागते, कधी लागत नाही" म्हणणारे तर कितीतरी. त्यांना सगळ्या गोळ्या जेवल्यावर घ्यायची सवय, आणि जेवणात तुरीचं वरण. प्रथिनं लेव्होडोपाचं शोषण अडवतात. गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायला लावली आणि पुष्कळांचा प्रश्न मिटला. हे सगळं संशोधन आहे, आणि याला मायक्रोस्कोप लागला नाही.

तुझ्यासाठी एक विषय सुचवते. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीचं हेरॉइन टोचून घेतलेली तरुण मुलं एकाएकी पार्किन्सन्ससारखी ताठरली. विल्यम लँगस्टन यांनी त्यामागचं एमपीटीपी हे विष शोधलं. आपल्याकडे तणावर मारतात त्या पॅराक्वाटची रचना एमपीटीपीपासून शरीरात तयार होणाऱ्या घातक रूपाशी मिळतीजुळती आहे. २०१७ मध्ये तुझ्याच जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन माणसं दगावली, तेव्हा सगळ्या देशाने पाहिलं. पण ती तातडीची विषबाधा. पाठीवर पंप घेऊन आयुष्यभर फवारणाऱ्या माणसाच्या मेंदूचं पुढे काय होतं, हा सावकाश चालणारा प्रश्न आहे, आणि तो विचारायची जागा यवतमाळ आहे, बोस्टन नाही. पॅराक्वाटनेच पार्किन्सन्स होतो असं मात्र गावात सांगत सुटू नकोस. संबंध दिसला आहे, एकेका माणसात कारण सिद्ध करणं वेगळं.

तुझ्या सरांचं काही खरंच आहे, तेही सांगायला हवं. अल्फा-सिन्युक्लीन (पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या पेशींत साचणारं प्रथिन), जनुकं, मेंदूच्या ऊतींचा अभ्यास यांत तुला रस असेल तर प्रयोगशाळा लागणारच. बंगलोरच्या निमहान्स या संस्थेत मेंदूपेढी आहे, तिथे जा. परदेशात दोन वर्षं शिकायला मिळत असेल तर जरूर जा, मीही गेले होते. पारशी पाहणीचा आकडाही आपल्या गावांना जसाच्या तसा लावू नकोस, त्या समाजात वयस्कर माणसं जास्त आहेत. आणि खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असतो हे खरं असलं तरी कुंपणावरच्या शेंगा फोडून कोणाला डोस ठरवून देऊ नये.

तिसऱ्या वर्षातच आहेस तर आयसीएमआरची विद्यार्थ्यांसाठीची दोन महिन्यांची एसटीएस योजना बघ. गाइड तुझ्याच कॉलेजातला लागतो आणि एथिक्स कमिटीची परवानगी लागते. सरांनी नाही म्हटलं तर पीएसएम (सामाजिक आरोग्याच्या) विभागात जा. त्यांच्याकडे दत्तक गावांतल्या घरांच्या याद्या असतात. साठीच्या पुढची माणसं त्यातून काढ आणि आशाताईंना विचार, कोणत्या घरातलं माणूस हल्ली बाहेर दिसत नाही.