सगळं धरून २० लाखांत खरी परफॉर्मन्स हॅचबॅक येईल का? थांबू का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: राहायला परभणी, वय २७, आरटीओ-इन्शुरन्स धरून २० लाखांची तयारी, आणि फोक्सवॅगनची नवी गोल्फ जीटीआय बघितल्यापासून झोप उडालेली. मित्र म्हणतात, दोन वर्षं कळ काढ, तसलीच जरा लहान गाडी १८-२० लाखांत कुणीतरी आणणारच.

नका थांबू.

मित्रांना एकच विचारा, हा १८-२० चा आकडा आणला कुठून? मला ठाऊक आहे कुठून आणला ते, कारण मीही दहा वर्षं तिथूनच आणत होतो. आपल्या खिशात जेवढे असतात तेवढीच आवडत्या गाडीची किंमत ‘असायला हवी’, असं मनाला वाटत राहतं. पाच लाख होते तेव्हा मला ती सातला येईलशी वाटायची, दहा झाले तेव्हा बाराला.

मी संभाजीनगरचा. वाळूजला डाय-फिक्श्चरचं छोटं वर्कशॉप आहे, त्यामुळे कोटेशन काढणं हा रोजचा उद्योग. गिऱ्हाईक म्हणतं, ‘साहेब, एवढ्यात बसवा.’ आम्ही माल, मशीनचे तास आणि मजुरी मांडून दाखवतो, मग ते गप्प बसतं. तसंच तुमच्या गाडीचं कोटेशन उलट्या बाजूने काढून बघू.

ऑन-रोड २० म्हणजे एक्स-शोरूम साधारण १७ लाख. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स, म्हणजे दोन लाख तिथेच गेले. राहिलेला लाख इन्शुरन्स आणि किरकोळीत जातो. आता १७ मधून डीलरचं कमिशन आणि वाहतूक काढा, सव्वासोळा धरा. गाडी चार मीटरपेक्षा लांब असेल किंवा पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या वर असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून तिला ४० टक्के जीएसटी आहे. तो काढला की उरतात साडेअकरा. गाडी बाहेरून तयार होऊन येत असेल तर त्यावर ७० टक्के आयात शुल्क. तेही काढा. हातात राहतात पावणेसात लाख.

म्हणजे जहाजाचं भाडं धरून जी गाडी पावणेसात लाखांत आपल्या बंदराला लागेल, तीच तुम्हाला परभणीत २० लाखांत पडेल. २०० पीएसची, म्हणजे साधारण दोनशे घोड्यांच्या ताकदीची, गाडी जर्मनीहून कोण पाठवेल एवढ्यात?

आता उलट करा. बंदरावर २० लाखांना उतरणारी गाडी धरा. शुल्क लागून ३४ झाली, जीएसटी लागून साडेसत्तेचाळीसच्या वर गेली, डीलरचा हात लागला की पन्नास ओलांडली. मे २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय ५३ लाखांना जाहीर झाली तेव्हा लोकांनी ‘लूट, लूट’ म्हणून गलका केला. कर तेव्हा थोडे वेगळ्या रचनेचे होते, पण हिशेब याच चालीचा. २६५ पीएस, शंभरला ५.९ सेकंदांत, आणि १५० गाड्यांचा पहिला हप्ता किंमत जाहीर होण्याआधीच बुक झालेला! किंमत कळायच्या आधी बुक करणाऱ्यांना ५३ काय न् ५५ काय. ती गाडी आपल्यासाठी आलीच नव्हती, त्या दीडशे जणांसाठी आली होती. तिच्यावरून आपण आपल्या अपेक्षा बांधतो, चूक तिथे होते.

मग ‘इथेच बनवा की’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, आणि त्याचं उदाहरण आमच्याच गावचं आहे. शेंद्र्याच्या एमआयडीसीत २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे. २०१७ ला ऑक्टाव्हिया आरएस आली, २३० पीएसची. सुटे भाग आणून इथेच जोडलेली, किंमत २४.६२ लाख. तीनच वर्षांनी, २०२० ला, तीच गाडी १५ पीएस वाढवून तयार होऊन बाहेरून आली, फक्त २०० नग, तर किंमत ३५.९९ लाख. पंधरा घोडे अकरा लाखांना कुणी विकत नाही, तो फरक मुख्यतः ‘जोडलेली’ आणि ‘आणलेली’ यातला आहे. ऑक्टोबर २०२५ मधली ऑक्टाव्हिया आरएस ४९.९९ ला, तीही आणलेलीच, १०० नग. (आता कुणीतरी म्हणेल ही हॅचबॅक नाही. मागची काच दारासकट उघडते, माझ्यापुरती ती हॅचबॅक.)

पण जोडायची तरी कुणासाठी? वर्कशॉपात दहा नगांसाठी कुणी डाय बनवत नाही. हजारांत खप दिसला तर कंपनी इथे लाईन टाकते, नाहीतर इथल्या चाचणी-मंजुरीतून सूट असलेल्या मोजक्या गाड्या आणून हौशी लोकांना विकून मोकळी होते. आणि खपाच्या बाबतीत आपली पिढी, स्पष्टच सांगतो, तोंडाची शूर.

आठवून बघा. २०१५ च्या दिवाळीआधी फियाटची अबार्थ पुंतो आली, १४५ बीएचपी, ९.९५ लाख. दहा लाखांच्या आत तेवढी ताकद तेव्हा दुसऱ्या हॅचबॅकमध्ये नव्हती. २०१७ ला बलेनो आरएस, ८.६९ लाख. २०१८ ला टियागो जेटीपी, ६.३९ लाखांत ११४ पीएस, कोइमतूरच्या जयेम कंपनीने टाटांबरोबर बसून सेट केलेली. आज यातली एकही शोरूममध्ये नाही. बीएस-६ चं, म्हणजे २०२० च्या कडक प्रदूषण नियमांचं, कारण खरंच आहे, पण जी गाडी दणकून खपते तिचं इंजिन कंपनी बीएस-६ करतेच.

त्या तिन्हींचं कौतुक मी गावभर केलं. अबार्थची तर टेस्ट ड्राइव्ह दोनदा मारली. दुसऱ्या वेळी अण्णांना, म्हणजे वडिलांना, बरोबर घेऊन गेलो. ते मागे बसले, उतरले, आणि सेल्समनला एवढंच विचारलं, ‘अ‍ॅव्हरेज काय देती?’ त्याने दिलेला आकडा ऐकून माझ्याकडं बघितलं नाही की काही बोलले नाहीत. महिन्याभरात आमच्या दारात डिझेल सेडान उभी होती. तेव्हा अशा गाड्या बंद पडल्याचं खापर मी नुसतं कंपनीवर फोडू शकत नाही.

मराठवाड्यात पैसा नाही असंही समजू नका. ऑक्टोबर २०१० मध्ये आमच्याच शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या, देशभर बातमी झाली. सवलत मिळाली ती दीडशे जण एका तोंडाने बोलले म्हणून. पण पैसा उंच, रुंद, चौकात उभी राहिली की माणसं वळून बघतील अशा गाडीकडे जातो. हॅचबॅकसाठी ५० लाख म्हटलं की पाहुण्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘तेवढ्यात फॉर्च्युनर आली असती.’ पोलो जीटीआयचं तेच झालं. २०१६ च्या नोव्हेंबरात ९९ नग आणले, २५.६५ लाख, दारं तीनच. पुढच्या वर्षी किंमत १९.९९ वर आणावी लागली. मी अण्णांना फोटो दाखवला होता. म्हणाले, ‘मागच्यानं काय खिडकीतून उतरायचं?’

तुमच्या मित्रांच्या डोक्यातला ‘२०’ हा आकडा कदाचित त्या १९.९९ वरूनच आला असेल. ती किंमत नव्हती, उरलेला माल काढायची घाई होती.

आता परभणीचं बोलू, कारण किंमत शोरूमच्या दारात संपत नाही. पेट्रोल तुमच्याकडे राज्यात जवळजवळ सगळ्यांत महाग, ते तुम्हाला मी सांगायला नको. गोल्फसारख्या गाडीचं बूड जमिनीपासून जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर. आपल्याकडे गावागावाने श्रमदानातून घातल्यासारखे गतिरोधक आहेत, एकेकावर गाडी तराजूसारखी झुलेल. समृद्धीवर काढू म्हणाल तर तिथे १२० ची मर्यादा आणि रस्ता फूटपट्टीसारखा सरळ. १२० तर अण्णांची सेडानही झोपेत धरते. परफॉर्मन्स हॅचबॅकची मजा वळणावर असते. रविवारी पहाटे खुलताबादहून म्हैसमाळचा घाट, नाहीतर कन्नडचा घाट गर्दी व्हायच्या आधी. तिथे ११० पीएसची हलकी गाडीसुद्धा तोंडावर हसू आणते.

आणि सर्व्हिस. एक जुनी टर्बो हॅचबॅक मी नंतर हौसेने वापरलेली घेतली (कंपनीचं नाव घेत नाही). एका चिमूटभर सेन्सरसाठी ती तेवीस दिवस वर्कशॉपात उभी होती. पार्ट पुण्यात नाही, मुंबईत नाही, ‘येतोय साहेब’ एवढंच उत्तर. मी शोरूमपासून सात किलोमीटरवर राहतो. तुम्ही दोनशे किलोमीटरवर राहणार, आणि दर वेळी फ्लॅटबेडचं भाडं भरणार. देशात शंभर-दीडशेच नग असलेल्या गाडीचा बंपर फुटला तर काय, याचा विचार बुकिंगच्या रात्री कुणी करत नाही.

मग २० लाखांचं काय करायचं? मी तुमच्या जागी असतो तर पहिल्यांदा हॅचबॅकचा हट्ट सोडून फोक्सवॅगनची व्हर्टस १.५ चालवून बघितली असती. सेडान आहे, कबूल, पण १५० पीएस, २५० एनएमचा टॉर्क (ओढ), चाकणला बनते, आणि ऑन-रोड तुमच्या आकड्याच्या आसपास बसते. आई-वडील मागे नीट बसतात, आणि पाय दाबला की काय होतं ते त्यांना कळायच्या आत उरकलेलं असतं.

हॅचबॅकच हवी तर आय२० एन लाइन, १२० पीएस. किंवा जून २०२४ ला साडेनऊ लाखांपासून आलेल्या अल्ट्रोझ रेसरपैकी एखादी कमी चाललेली, तिला सहा गिअरचा मॅन्युअल आहे. चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीच्या आत ठेवल्या की कर १८ टक्क्यांवर येतो, म्हणून या गाड्या एक किंवा १.२ लिटरच्या टर्बोवरच अडलेल्या दिसतात. कंपन्यांना जास्त ताकद देता येत नाही असं नाही, त्या रेषेपलीकडे पाऊल टाकलं की कर दुपटीहून जास्त होतो.

माझी स्वतःची शिफारस मात्र तिसरीच आहे: २०२०-२२ मधली पोलो १.० टीएसआय, मॅन्युअल, ११० पीएस, एकाच हातातली, सर्व्हिसचे कागद पूर्ण असलेली. रिमॅप केलेली (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली) असेल तर फुकटात दिली तरी घेऊ नका, आधीच्या मालकाने तिचं काय केलंय ते इंजिन उघडल्याशिवाय कळत नाही. उरलेल्या पैशांतून चांगले टायर टाका, बाकीची एफडी करा. आणि व्यवहार ठरायच्या आधी एक दिवस गाडी मागून घ्या, घरच्यांना मागे बसवून गंगाखेडपर्यंत जाऊन या. आमचे अण्णा माझ्या पोलोत बसले तेव्हा वाळूज ते पैठण तासभर एक शब्द बोलले नाहीत. उतरताना म्हणाले, ‘पळती बरी. अ‍ॅव्हरेज किती?’