हरिकेनच्या शंकूच्या कडेला असलेल्या गावाने धोका कमी समजावा का?

नाही. हरिकेन म्हणजे अटलांटिकमधलं मोठं चक्रीवादळ. नॅशनल हरिकेन सेंटर या अमेरिकी सरकारी संस्थेच्या नकाशावर तुमचं गाव पांढऱ्या शंकूच्या कडेला दिसतंय, एवढ्यावरून धोक्याबद्दल काहीच ठरत नाही. तो शंकू फक्त वादळाचं केंद्र कुठून जाऊ शकतं ते दाखवतो. वादळाचा पसारा त्यात नसतोच. मागच्या पाच वर्षांत अंदाज किती चुकला यावरून केंद्राच्या अंदाजित जागांभोवती वर्तुळं काढतात आणि ती जोडली की शंकू होतो: साधारण २४ तासांना ७५ किलोमीटर त्रिज्या, पाच दिवसांना ४०० च्या आसपास. ही मापं त्या हंगामातल्या प्रत्येक वादळाला तीच असतात, आणि ती अशी निवडलेली असतात की दोन-तृतीयांश वेळा केंद्र वर्तुळाच्या आत राहावं. म्हणजे उरलेल्या एक-तृतीयांश वेळा ते बाहेर जाणार, हे गृहीतच धरलेलं आहे.

मार्गाचं म्हणाल तर हरिकेन बरंचसं भोवतालच्या हवेच्या प्रवाहाबरोबर वाहत जातं. अटलांटिकवरच्या जास्त दाबाच्या क्षेत्राच्या दक्षिण कडेने ते पश्चिमेकडे येतं आणि अमेरिकेवरून कमी दाबाचा पट्टा पूर्वेकडे सरकत आला की त्याला उत्तरेकडे वळायला वाट मिळते. त्यामुळे खरा प्रश्न बहुतेक वेळा ‘वळणार का’ यापेक्षा ‘वळणार कधी’ हा असतो. किनारा मार्गाला आडवा असेल तर थोडी चूक खपून जाते. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यासारखा तो मार्गाला जवळपास समांतर असेल, तर दिशेतला थोडासा फरकही धडकण्याची जागा शंभर-दीडशे किलोमीटर हलवतो. २०२२ च्या इयन हरिकेनचं हेच झालं. आधीच्या अंदाजांची रेषा टॅम्पाकडे आणि त्याच्याही उत्तरेला होती. २८ सप्टेंबरला ते बरंच दक्षिणेला, कायो कोस्टाला धडकलं. फोर्ट मायर्स बीचवर समुद्र घरांत शिरला, आणि टॅम्पाच्या उपसागरातलं पाणी त्याच वेळी उलटं ओसरून तळ उघडा पडला.

एकाच मॉडेलच्या, म्हणजे हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणक-प्रणालीच्या, रेषेवर विसंबू नका. शेवयांसारख्या रेषांचे जे नकाशे फिरतात, त्यांतल्या काही रेषा मॉडेलच्या नसतातही. त्यांतली एक रेषा तर वादळाची सध्याची दिशा नुसती पट्टीने पुढे ओढलेली असते. मी रेषांपेक्षा हरिकेन सेंटरचा ‘पूर्वानुमानाची चर्चा’ हा मजकूर आधी वाचतो. मॉडेलांचं कुठे पटत नाही आणि का, ते त्यात सरळ लिहिलेलं असतं. फ्लोरिडाच्या उन्हाळी वेळेनुसार सकाळ-संध्याकाळी ५ आणि ११ वाजता नवी पत्रकं येतात. किनाऱ्याला इशारा लागू झाला की मधली पत्रकंही दर तीन तासांनी.

आता तुमच्या गावापुरतं. पत्रकात ३४, ५० आणि ६४ नॉटचे वारे चारही दिशांच्या चतुर्थांशांत जास्तीत जास्त कुठवर पोचतात ते दिलेलं असतं. ३४ नॉट म्हणजे ताशी ६३ किलोमीटर. त्यानंतर शिडीवर चढून खिडक्यांना फळ्या ठोकता येत नाहीत. समजा केंद्र ३०० किलोमीटरवर आहे, ताशी २० ने थेट तुमच्याकडे येतंय आणि तुमच्या बाजूला ३४ नॉटचा वारा २०० किलोमीटरपर्यंत आहे. हातात वेळ पाचच तास आहे, पंधरा नाही. हा हिशेब बहुतेक लोक केंद्रापासून करतात आणि फसतात.

समुद्राचं पाणी किती चढेल हे वादळाच्या श्रेणीवरून (१ ते ५) ठरवू नका. श्रेणी फक्त वाऱ्याची असते. २००८ चं आइक हरिकेन किनाऱ्याला धडकताना दुसऱ्या श्रेणीचं होतं, तरी टेक्सासच्या बोलिव्हर द्वीपकल्पावर १५ ते २० फूट पाणी चढलं, कारण वादळाचा पसारा प्रचंड होता. उथळ समुद्र, आत निमुळता होत जाणारा उपसागर आणि भरतीची वेळ यांनी पाणी वाढतं. उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटचालीच्या उजव्या बाजूला वारा पाणी किनाऱ्यावर ढकलतो. इशाऱ्यातला ‘जमिनीपासून इतके फूट’ हा आकडा त्या पट्ट्यातल्या सर्वांत वाईट जागेचा असतो, त्यामुळे आपल्या घराची समुद्रसपाटीपासूनची उंची आधीच शोधून ठेवा.

पावसाचा संबंध वाऱ्याशी कमी आणि वादळ किती वेगाने पुढे सरकतं त्याच्याशी जास्त. जुना ढोबळ नियम असा: १०० ला वादळाच्या पुढे सरकण्याच्या नॉटमधल्या वेगाने भागा, इंचांत पाऊस मिळतो. १० नॉटला १० इंच, ५ नॉटला २०. डोंगराळ भागात किंवा वादळ अडकून पडलं तर नियम कोलमडतो. २०१७ मध्ये हार्वी हे वादळ टेक्सासवर रेंगाळलं आणि तिथल्या नेडरलँड गावाला ६०.५८ इंच पाऊस पडला. टॉर्नेडो (जमिनीला टेकणारे वावटळीचे भोवरे) बहुधा वादळाच्या पुढच्या उजव्या भागातल्या पावसाच्या बाहेरच्या पट्ट्यांत होतात, केंद्रापासून बरेच लांबही.

नेट बंद पडलं तरी वारा आणि वायुदाबमापक पुरतात. वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा: केंद्र तुमच्या उजव्या हाताला, किंचित मागे असतं. वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळत गेला, म्हणजे पूर्व, आग्नेय, मग दक्षिण, तर तुम्ही मार्गाच्या उजव्या बाजूला आहात. उलट वळला तर डाव्या. दिशा तीच राहून दाब झपाट्याने उतरत असेल तर डोळा, म्हणजे केंद्रातला शांत भाग, तुमच्याच डोक्यावरून जाणार. तेव्हा वारा अचानक पडेल, कदाचित ऊनही दिसेल. बाहेर पडू नका. पुढचा झोत विरुद्ध दिशेने येतो, आणि आधीच्या वाऱ्याने खिळखिळं केलेलं छप्पर त्याच्यात जातं.