वडिलांना शुगर, बीपी, स्टेंट आणि पॅरालिसिस: अपंगत्वाचा दाखला मिळेल का?

तुमचा प्रश्न असा: वडील ५८ वर्षांचे, शुगर-बीपी जुनं, हृदयात दोन स्टेंट, दीड वर्षापूर्वी पॅरालिसिसचा झटका. उजवा हात वर जात नाही, बोलणं अडखळतं. इतके आजार आहेत, तर दाखला आणि पेन्शन मिळेल ना?

दाखला मिळण्यासारखा वाटतो, पण स्टेंटचा आणि शुगरचा त्यात काही उपयोग नाही. आमच्या दादांचं (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) अगदी असंच होतं. सिव्हिलला पहिल्यांदा गेले तेव्हा अँजिओग्राफीच्या सीड्या, चार वर्षांचे शुगरचे रिपोर्ट, सगळं बोचकं घेऊन गेले होते. बोर्डाच्या डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआय तेवढा पाहिला. बाकी पिशवीची गाठसुद्धा सुटली नाही.

२०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या कायद्यात सातच होते. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन्स हे नव्याने आले. डायबेटिस, ब्लडप्रेशर, हार्टचा त्रास मात्र त्यात नाही. शुगरमुळे पाय कापावा लागला किंवा नजर गेली, तर तो पाय आणि ती नजर मोजतात. तुमच्या वडिलांचा हात चलनवलनाच्या प्रकारात येईल, आणि झटक्यामुळे अडखळणारी वाचा वेगळ्या प्रकारात. अर्जात दोन्ही लिहा. आम्ही फक्त हात लिहिला आणि वाचेसाठी पुन्हा खेप पडली. टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही हेही लक्षात असू द्या. हाताचे ३० आणि वाचेचे २० आले तर सूत्राने ४३ च्या आसपास होतात. तरी चालतं, कारण बहुतेक सवलती ४० पासून सुरू होतात.

तपासणीच्या दिवशी माझी एक चूक झाली. सवयीप्रमाणे दादांना मीच इस्त्रीचा शर्ट घालून, बटणं लावून नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काका, काय त्रास आहे?" दादा ताठ बसून म्हणाले, "काही नाही, आता छान आहे." आयुष्यभर कुणापुढे रडगाणं गायलं नाही, ते तिथे कसं गातील! डॉक्टर हुशार. वरचं बटण सोडून म्हणाले, "आता लावा बघू." दादांची बोटं काजाभोवती फिरत राहिली. माझा हात आपोआप पुढे गेला तर डॉक्टरांनी अडवलं. वडिलांना घरूनच सांगून न्या की जे जमत नाही ते जमत नाही म्हणायचं. वाढवून सांगायचं नाही, लपवायचंही नाही.

पेन्शनचं वेगळं आहे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला द्यायचा. वय ६५ च्या आत, अपंगत्व किमान ४० टक्के, आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत. म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास! घरात कुणी पगारदार असलं की अर्ज इथेच अडकतो. बसलाच, तर दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून दीड हजाराऐवजी अडीच हजार आहेत. केंद्राच्या पेन्शनला ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेचं कार्ड लागतं, ते तूर्त सोडून द्या.

तुम्ही नोकरी करत असाल तर खरा फायदा इन्कम टॅक्समध्ये आहे. जुन्या कर प्रणालीत असाल आणि वडील तुमच्यावर अवलंबून असतील, तर ८०डीडी म्हणून ओळखली जाणारी ७५ हजारांची वजावट मिळते. ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची. एसटीचं तिकीट ७५ टक्के कमी होतं. रेल्वेला मात्र नुसते ४० टक्के पुरत नाहीत. हातापायाच्या अपंगत्वात सोबत्याशिवाय प्रवास होत नाही असं दाखल्यावर असावं लागतं.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर फुकट भरता येतो. सिव्हिलच्या गेटवर आम्हाला एकाने "टक्के वाढवून देतो" म्हणून गाठलं होतं. तसं कुणी भेटलं तर सरळ पुढे चालू लागा. सही जमत नसेल तर अंगठा चालतो. आणि झटक्याच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड सापडत नसेल, तर आधी त्या हॉस्पिटलमधून त्याची शिक्क्याची प्रत काढून आणा, मगच तपासणीला जा.